श्रावणात चोडणच्या चिखलावर उतरणारे पाहुणे

मंडळी, बंदीचे ६१ दिवस संपले. १ जूनला थांबलेले ट्रॉलर १ ऑगस्टपासून मोकळे झाले, पण दर्याचा राग उतरल्याशिवाय आणि नारळ दिल्याशिवाय आपल्याकडे कोणी बाहेर जायची घाई करत नाही. मांडवीत आणि डिचोलीच्या खाडीत मात्र लहान होड्या चालूच असतात. पिळगाव, सारमानस, नार्वे, मये या बाजूच्या आपल्या सभासदांना सुकतीच्या वेळी चिखलावर एक गोष्ट रोज दिसते. काठावर बारीक, लांब पायांची पाखरं धावतात, थांबतात, चोच मारतात, परत धावतात. जूनमध्ये ती जवळजवळ नव्हती. मग आली कुठून? आणि एवढ्या पावसात का आली?

याआधी आपण जाळ्यांची देखभाल आणि विमा यांवर लिहिलं. या वेळी पक्ष्यांचा धडा. पक्ष्यांचं काय ते वनखात्याने बघावं, असं कोणाला वाटेल. पण हे पक्षी ज्या चिखलावर जगतात, त्याच चिखलावर आपली सुंगटं, कुर्ल्या आणि शेवटे वाढतात. त्यामुळे हा विषय आपल्या घरचाच आहे.

आधी जागा समजून घेऊ. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला, मांडवी आणि म्हापसा नदीच्या मधल्या खारफुटीत डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र १७८ हेक्टर, म्हणजे दोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. १९८८ साली ते जाहीर झालं. सलीम अली १९८७ मध्ये वारले, त्यांचं नाव त्याला दिलं. पणजीची माणसं रायबंदरहून फेरीबोटीने जातात, आपल्याला डिचोलीहून मयेमार्गे रस्त्यानेच चोडण गाठता येतं. कागदावर बेट तिसवाडीत असलं तरी पाण्याच्या हिशेबाने ते आपल्या दारात आहे. डिचोलीच्या डोंगरावर पडलेला पाऊस आणि त्याच्याबरोबर आलेला गाळ शेवटी त्याच काठाला लागतो.

आता पक्ष्यांकडे. आपल्याकडे श्रावण चालू असतो, तेव्हा उत्तरेकडच्या देशांत उन्हाळा संपत आलेला असतो. सैबेरियाच्या वरच्या टोकाला बर्फ वितळून जेमतेम दोन-अडीच महिने जमीन मोकळी राहते. तेवढ्यात अंडी घालायची, पिल्लं वाढवायची आणि पुन्हा गोठायच्या आत निघायचं. म्हणून तिथले पक्षी जुलैतच हलायला लागतात. तिबेट आणि लडाखच्या पठारावरही तसंच. आपण त्यांना थंडीचे पाहुणे म्हणतो, पण थंडी पडायची ते वाट बघत नाहीत. आपल्याकडे पाऊस कोसळत असताना पहिले थवे उतरलेले असतात.

सगळ्यात आधी येणाऱ्यांत वाळूवरचा छोटा चिखल्या असतो. वजन साठेक ग्रॅम, म्हणजे मध्यम बांगड्याच्या निम्मं. आपल्या किनाऱ्यावर येणारे हे चिखले बहुतेक तिबेट आणि पामीरकडच्या उंच पठारावरचे. ऑगस्टमध्ये नीट बघितलं तर काहींच्या छातीवर विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. तो त्यांचा लग्नाचा पोशाख. ऑक्टोबरपर्यंत तो झडतो आणि सगळे एकसारखे राखाडी दिसायला लागतात. म्हणून पक्षी ओळखायला शिकायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर चांगला. रंग अजून थोडा शिल्लक असतो, ओळखायला सोपं जातं.

त्याहून लहान ती छोटी तुतारी. वजन पंचवीस-तीस ग्रॅम. हातात एक चांगलं मोठं वाघ सुंगट घ्या, साधारण तेवढंच. आणि ही येते सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून. एवढासा जीव हजारो किलोमीटर येतो, हे ऐकून आपल्यातले जुने लोक मान हलवतात. पण उपग्रहाचे बारीक यंत्र पक्ष्यांच्या अंगावर बसवता यायला लागल्यापासून याचे पक्के पुरावे मिळाले आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू, वय जेमतेम पाच महिने, अलास्काहून निघालं आणि ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानियाला उतरलं. वाटेत कुठे थांबा नाही. पाण्यावर उतरून विसावा घेणं या जातीला जमत नाही. ही जात आपल्या किनाऱ्यावरही थोड्या संख्येने येते, अर्थात वेगळ्या वाटेने.

हे जमतं कसं? डिझेलचा हिशेब ज्याला कळतो त्याला हे चटकन समजेल. निघण्याआधी काही आठवडे पक्षी नुसता खात सुटतो. चरबी इतकी साठवतो की काही जातींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. ती चरबी म्हणजे टाकीतलं डिझेल. वाटेत जिथे थांबायचं तिथे टाकी परत भरायची. टाकी भरायची जागाच नाहीशी झाली तर पुढचा प्रवास होत नाही, पक्षी वाटेत मरतो. चोडणचा चिखल, मोरजीला शापोरा नदीच्या मुखाजवळची वाळू, तेरेखोलचा काठ, हे सगळे त्यांचे पंप.

आणखी एक गंमत. बऱ्याच जातींत मोठे पक्षी आधी येतात आणि पिल्लं मागाहून. काही जातींत तर माद्या अंडी उबवून झाली की नर आणि पिल्लांना ठेवून आधीच निघतात. सप्टेंबरात जे स्वच्छ, नव्या कपड्यातले, पाठीवर खवल्यांसारखी नक्षी असलेले पक्षी दिसतात, ती यंदाची पिल्लं. त्यांना वाट दाखवायला कोणी नसतं. दिशा रक्तातच असते. आपल्या पोराला पहिल्यांदा दर्यावर पाठवताना आपण बापाला, काकाला बरोबर देतो. यांना तेही नाही.

मात्र जूनमध्ये एखादा कुरल दिसला म्हणून तो लवकर आला असं समजू नका. पहिल्या वर्षाचे काही पक्षी उत्तरेला जातच नाहीत, उन्हाळाभर आपल्याकडेच राहतात. संख्या बघायची. एक-दोन असतील तर राहिलेले, आठवड्यात विसाचे पन्नास झाले तर आलेले.

पक्षी कधी बघायचे, हे शहरातल्या माणसाला शिकवावं लागतं. तो पहाटे पाचला उठून येतो आणि नेमकी भरती असते. तुम्हाला सांगायला नको. या पक्ष्यांचं घड्याळ सूर्यावर चालत नाही, आपल्यासारखं पाण्यावर चालतं. सुकती लागली, चिखल उघडा पडायला लागला की ते खायला उतरतात, दिवस असो की रात्र. भरतीला बांधावर, मानशीच्या भिंतीवर, वाळूच्या पट्ट्यावर एका पायावर उभे राहून झोप काढतात. भरती उतरायला लागल्यावर दोन-तीन तासांनी गेलं तर सगळे पाण्याच्या कडेला जमलेले दिसतात. उधाणाला चिखल जास्त उघडा पडतो, पक्षी लांबवर पांगतात. भांगाच्या पाण्याला ते काठाजवळच राहतात, बघायला सोपे.

एकाच चिखलावर एवढ्या जाती भांडण न करता कशा जेवतात, हे चोचीवरून समजतं. चिखल्याची चोच आखूड. तो डोळ्याने बघतो, धावतो आणि वरचं किडूक टिपतो. लाल पायांच्या टिवळ्याची चोच मध्यम, तो बोटभर खोल जातो. मोठ्या कुरलाची चोच खाली वाकलेली, मादीची तर पंधरा सेंटिमीटरपर्यंत. ती बिळात खोल शिरते आणि खालचा किडा किंवा कुर्ली ओढून काढते. छोटा कुरल बिळातल्या लहान कुर्ल्यांवर तुटून पडतो. जसे आपण वरच्या पाण्याला एक जाळं, तळाला दुसरं आणि कुर्लीला तिसरं साधन वापरतो, तसंच. या मोठ्या कुरलाची संख्या जगभर घटते आहे.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. चिखलावर कुरल, टिवळा, चिखल्या, तुतारी सगळे मिळून मोठ्या संख्येने असतील, तर त्या चिखलात वरपासून खालपर्यंत जीव आहे. किडे आहेत, शिंपले आहेत, बारीक सुंगटं आहेत. जिथे चार वर्षांपूर्वी थवे असायचे आणि आता नुसता बगळा उभा असतो, तिथे तळाला काहीतरी बिघडलेलं असू शकतं. प्रयोगशाळेत नमुना पाठवायच्या आधी पक्षी तुम्हाला ते सांगतात, तेही फुकट.

आपल्या डिचोलीत हे बिघडायचं एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे. खाणींच्या भागातून पावसात येणारा लाल गाळ. बारीक गाळ चिखलावर साचला की खालच्या किड्यांची बिळं बुजतात. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आता लिलाव होऊन परत सुरू होत आहेत. खाणीवर पोट असलेली घरंही आपल्यातच आहेत, बार्जवर काम केलेली माणसं आपले सभासद आहेत. तेव्हा खाण हवी की नको हा वाद इथे घालत नाही. गाळ अडवायचे बांध पावसाआधी झाले का, एवढं विचारायचा हक्क मात्र नदीत होडी घालणाऱ्या प्रत्येकाला आहे.

दुसरी गोष्ट खाजनाची, आणि ती पूर्णपणे आपल्याच हातातली. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली ही शेतं. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरतीचं पाणी दार आपोआप बंद करतं, सुकतीला आतलं पाणी दार उघडून बाहेर जातं. पावसात आत कोरगुट भात. भात कापलं की खारं पाणी आत घ्यायचं आणि मासे, सुंगटं वाढवायची. एकाच जमिनीतून भातही आणि नुस्तेही. ही सोय करणाऱ्या आपल्या पूर्वजांना कुठल्या कॉलेजची पदवी नव्हती, पण पाण्याचं गणित पक्कं होतं.

पक्ष्यांनाही हे वेळापत्रक जमतं. ऑगस्ट-सप्टेंबरात भात उभं असताना ते नदीकाठच्या चिखलावर असतात आणि भरतीला बांधावर बसतात. कापणीनंतर उथळ पाण्याचं खाजन त्यांना मोकळं मिळतं. पण काही ठिकाणी मानशीचा लिलाव घेणारा बारा महिने खारं पाणी आत ठेवतो. सुंगटं थोडी जास्त मिळतात, एक-दोन वर्षं बरं चालतं. मग बांध आतून पोखरतो, एका उधाणाला फुटतो. भात गेलं, काही वर्षांत सगळीकडे खारफुटी माजली, मग मानशीवरची पकडही गेली. खारफुटी चांगली, यात वाद नाही. सुंगटांची आणि चोणकाची पिल्लं तिच्या मुळांतच वाढतात. पण नदीकाठची खारफुटी वेगळी आणि फुटलेल्या खाजनात पसरलेली वेगळी. दाट झाडीत कुरल-चिखले उतरत नाहीत, त्यांना उघडा चिखल आणि चारी बाजूंनी दिसणारी जागा लागते.

उघडा चिखल गेला की काय होतं, याचं मोठं उदाहरण दक्षिण कोरियात आहे. साएमांगम नावाच्या खाडीच्या तोंडावर त्यांनी ३३ किलोमीटर लांब समुद्रभिंत बांधली आणि २००६ च्या एप्रिलमध्ये शेवटची फट बंद केली. आत भरती-ओहोटी थांबली. शिंपले लाखोंनी मेले. चिखलात शिंपले वेचून घर चालवणाऱ्या बायकांचं काम गेलं. मोठा नॉट नावाचा पक्षी तिथे प्रचंड संख्येने थांबायचा. तो शेजारच्या दुसऱ्या खाडीत सरकेल असं बांधणाऱ्यांना वाटत होतं. तो तसा सरकला नाही. ऑस्ट्रेलियात हिवाळ्यात होणाऱ्या मोजणीत त्याची संख्या घटलेली दिसली. पक्षी आणि मच्छीमार, दोघांचं नुकसान एकाच दिवशी सुरू झालं.

नदीतून आता जरा दर्यावर येऊ. पेडणे आणि बार्देशच्या बाजूने खोल पाण्यात जाणाऱ्यांना या दिवसांत वेगळेच पक्षी भेटतात, जे काठावरच्या माणसाला जन्मात दिसत नाहीत.

चिमणीपेक्षा थोडा मोठा, काळा, कमरेवर पांढरा पट्टा, लाटेवर पाय आपटत चालल्यासारखा उडणारा पक्षी बघितला असेल. होडीमागेही येतो. तो विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल. त्याचं घर दक्षिण ध्रुवाकडे. तिकडे हिवाळा असतो तेव्हा तो आपल्या अरबी समुद्रात असतो आणि ऑक्टोबरच्या सुमाराला परत जातो. म्हणजे सप्टेंबरात आपल्या पाण्यावर उत्तर टोकाचे पाहुणे येत असतात आणि दक्षिण टोकाचे निरोप घेत असतात.

तरंगत्या ओंडक्यावर, थर्माकोलच्या तुकड्यावर, कधी कासवाच्या पाठीवर बसलेला काळपट पाठीचा, पांढऱ्या पोटाचा सुरय दिसला तर तो लगामी सुरय. पेडण्याच्या वरच्या बाजूला वेंगुर्ल्याचे खडक आहेत, तिथे या जातीची वीण होते. ओंडक्याखाली बारीक मासे जमतात हे आपल्याला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. मोठ्या सुरयांचा थवा एकाच जागी सूर मारत असेल तर खाली तारली किंवा पेडवे वर आले आहेत हे तर शेंबडं पोरही सांगेल. आणि त्या सुरयांच्या मागे लागून त्यांच्या तोंडचा मासा हिसकावणारा काळपट, दणकट पक्षी म्हणजे स्कुआ. स्वतः कमी पकडतो, दुसऱ्याचं जास्त खातो. असे लोक बाजारातही असतात, जाऊ दे.

पावसात एवढे पक्षी दर्यावर का? कारण खालचं थंड, खताने भरलेलं पाणी या दिवसांत आपल्या किनाऱ्याजवळ वर येतं. त्याने पाणी हिरवट होतं, बारीक जीव वाढतो आणि त्यावर तारली-बांगडा पोसतो. पण त्याच पाण्यात प्राणवायू कमी असतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षं मोजणी केली आहे. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत तळाजवळचा प्राणवायू फार घसरतो, काही वेळा संपतोच, असं त्यांना दिसलं. तळाची मासळी तेव्हा तिथून हलते. ट्रॉलरवाल्यांना सप्टेंबरात ओळखीच्या जागी जाळं रिकामं येतं, त्यामागे हे एक कारण असू शकतं. अशा वेळी वरच्या पाण्यावर सुरय कुठे आहेत ते बघणं शहाणपणाचं.

आता कामाचं. वादळानंतर किनाऱ्यावर थकलेला मोठा समुद्रपक्षी सापडतो. पांढरा, काळ्या पंखांचा, लांब टोकदार चोचीचा बूबी गोव्यात आणि कोकणात जवळजवळ दर पावसाळ्यात कुठेतरी मिळतो. त्याला परत पाण्यात ढकलू नका. तो थकून, भुकेने आलेला असतो, पाण्यात मरेल. चोचीत पाणी ओतू नका, छातीत जातं. डोक्यावर कापड टाकून उचला, चोच आपल्या डोळ्यांपासून लांब. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनखात्याला कळवा. सेल्फीसाठी गर्दी जमू देऊ नका, त्या भीतीनेही पक्षी मरू शकतो. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर मात्र हात लावायचा नाही, कुत्र्या-कोंबड्यांना लांब ठेवायचं आणि लगेच कळवायचं.

जाळ्यात अडकलेला पक्षी ओढून काढू नये, पंख मोडतो. डोकं झाका, पंख अंगाशी धरा, जाळ्याचे चार-पाच डोळे कापा. पाय आधी मोकळे करा. चार डोळे परत विणायला दहा मिनिटं लागतात. खरा धोका मात्र वापरातल्या जाळ्याचा कमी, टाकून दिलेल्या तंगुसाचा जास्त. खारफुटीत अडकलेला तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही. त्यात पाणकावळे अडकतात, बगळे अडकतात आणि कुर्ल्याही फुकट मरतात. फाटकी जाळी संस्थेच्या शेडमध्ये आणून टाका, नदीत नको.

पाणकावळ्यांबद्दल खाजनवाल्यांची तक्रार असते की सगळे मासे तेच खातात. नुकसान होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांना मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पिल्लं सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे राखण ठेवली, पाण्यात झावळ्या टाकून पिल्लांना लपायला जागा केली, तर बराच फरक पडतो. वरून तंगूस ताणू नका. त्यात पाणकावळा एक अडकतो आणि ब्राह्मणी घार, समुद्री गरुड, खंड्या दहा. आपल्या खारफुटीत निळ्या पाठीचा, गळ्याभोवती पांढरी पट्टी असलेला खंड्या आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो फार थोड्या जागी दिसतो. चोडणला त्याला बघायला लोक पैसे खर्चून येतात आणि त्यांना होडीतून फिरवणं हेही काहींचं उत्पन्न आहे.

पायात कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला, जिवंत किंवा मेलेला, तर कडीवरचा आकडा, पट्टीचा रंग आणि अक्षरं यांचा फोटो काढा. वेगवेगळे देश वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या लावतात. आपल्या देशात हे काम मुख्यतः मुंबईची बीएनएचएस करते. फोटो, तारीख आणि जागा आमच्याकडे पाठवलीत तर आम्ही पुढे कळवू. कडी काढून घरी नेऊ नका, पोरांना खेळायला तर मुळीच नको. तिच्यावरूनच कळतं की पक्षी कुठून निघाला आणि किती वर्षं जगला.

ऑक्टोबर लागला की कुरव येतील, तिबेटच्या सरोवरांवरचे तपकिरी डोक्याचे आणि मध्य आशियातले मोठे काळ्या डोक्याचे. मोरजीच्या वाळूवर त्यांचे थवे बसतात. मासे टिपायला मोरघार येईल. त्यानंतर त्याच वाळूवर कासवं अंडी घालायला चढतील. त्यांच्याविषयी तेव्हा लिहू. तोवर येत्या अमावास्येच्या उधाणाला कोणी सारमानस किंवा नार्व्याच्या बाजूला असेल, तर सुकतीच्या वेळी काठावर कुठले पक्षी किती दिसले, एवढं खाली लिहा. नाव माहीत नसलं तरी चालेल. चोच कशी, पाय कुठल्या रंगाचे, एकटा की थव्यात, एवढं पुरे.